आवणीनंतरचा ताप आणि शाळेचा हजेरीपट

(त्र्यंबकेश्वर येथील शिक्षक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



त्र्यंबकेश्वर तालुक्यातील कोणत्याही खेड्याच्या शाळेचा जुलै महिन्याचा हजेरीपट उघडून पाहिला, तर त्यात त्या वर्षीच्या पावसाचा सबंध इतिहास वाचावयास मिळतो. मृगाच्या सरी पडल्या की वरच्या वर्गातील मुलांचे लक्ष शेताकडे वळते. आर्द्रात रोपे वर येतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला म्हणजे खाचरे भरतात, चिखलणी होते आणि आवणीसाठी सारे घर बाहेर पडते. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी का होईना, पण मूल बांधावर जातेच. शिक्षकांस ही गैरहजेरी ठाऊक असते व तिचे कारणही ठाऊक असते. पुढे पुष्याचा म्हातारा पाऊस रिमझिमू लागतो, आवणी उरकते आणि वर्ग पुन्हा भरू लागतात. मात्र काही मुले दोन-चार दिवस येतात आणि पुन्हा दिसेनाशी होतात. घरी निरोप पाठवला तर उत्तर येते, "ताप भरला आहे, पाणी बाधले." आजचा विषय ही दुसरी गैरहजेरी हा आहे.

"पाणी बाधले", "हवा बाधली" असे कोणी म्हणाले की शिकलेल्या माणसास हसू येते. रोग जंतूंमुळे होतो, हवेमुळे नव्हे, असे पाठ्यपुस्तकात छापलेले असते आणि ते खरेही आहे. तथापि डोंगरातल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे पाहिले तेही खोटे नव्हते. अमुक नक्षत्रात अमुक प्रकारचा ताप येतो, ही सांगड त्याने अचूक ओळखली होती. त्याच्या नजरेतून सुटला तो मधला प्राणी. हवामान स्वतः रोग निर्माण करत नाही. परंतु रोगजंतू प्राण्याच्या शरीराबाहेर किती दिवस जगेल, तो प्राणी किती वाढेल व कोठे आसरा घेईल, हे हवामान ठरवते. त्याच हंगामात ते माणसासही कामासाठी नेमके त्याच जागी नेऊन उभे करते. हे तीन धागे ज्या आठवड्यात एकत्र येतात, त्या आठवड्यात खेड्यात ताप येतो.

भाताच्या खाचरात हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. उंदीर आणि घूस यांच्या मूत्रपिंडात मळसूत्रासारखे पिळदार असे अतिसूक्ष्म जंतू राहतात. त्यांस लेप्टोस्पायरा म्हणतात व त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगास लेप्टोस्पायरोसिस. उंदीर त्यामुळे आजारी दिसत नाही. गाई, म्हशी, डुकरे व कुत्री यांच्याही मूत्रातून हे जंतू बाहेर पडू शकतात. कोरड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर पडलेला जंतू लवकरच मरतो. म्हणून वैशाखात बांधावरून अनवाणी फिरणाऱ्या मुलास त्यापासून फारशी भीती नसते. ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र तो कित्येक आठवडे टिकतो. पावसाने बिळे भरली की उंदीर बांधावर, गोठ्यात आणि घरातल्या कणगीपाशी येतात. गोठ्याचे मूत उतारावरून वाहत खालच्या खाचरात जाते. अशा खाचरात माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटरीभर पाण्यात वाकून उभा असतो. सतत भिजून कातडी मऊ पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रोपाच्या मुळाशी आलेला खडा किंवा काटा पायास चिरतो. ह्या चिरांतून, मऊ पडलेल्या कातडीतून, तसेच डोळ्यांच्या, नाकाच्या व तोंडाच्या आतील ओल्या त्वचेतून जंतू शरीरात शिरतो. चिखल्यांस कोणी आजार मानत नाही. तो आवणीचा नित्याचा प्रसाद समजला जातो, आणि जंतूला नेमका तोच दरवाजा सापडतो.

आडोल्फ व्हाईल ह्या जर्मन वैद्याने १८८६ साली ह्या रोगाच्या तीव्र प्रकाराचे वर्णन केले. जंतूचा शोध जपानात इनाडा, इडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१५ च्या सुमारास लावला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जपानी भातशेतकरी अशा तापास त्यापूर्वीपासून 'शरदातला ताप' अशा अर्थाच्या नावाने ओळखत होते. शेत तेच, पीक तेच आणि रोगाला ऋतूचे नाव देण्याची रीतही आपल्या खेड्यांतल्यासारखीच. उंदीर तेवढा नंतर सापडला.

जंतू शरीरात गेल्यावर ताप लगेच येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवस मध्ये जातात, क्वचित त्याहून अधिक. त्यामुळे आवणी आणि ताप यांचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही. एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, पाठ व विशेषतः पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही, आणि डोळे लाल होतात. कित्येकदा हा ताप काही दिवसांनी उतरतो. मूल उठून बसते, शाळेतही येते. घरच्यांना हायसे वाटते. एक-दोन दिवसांनी ताप पुन्हा उलटतो, आणि ह्या दुसऱ्या फेरीत काही रोग्यांस कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंड, यकृत किंवा फुप्फुस बिघडते. बहुतेक रोगी सौम्य तापावरच सुटतात, पण कोणाचा ताप कोणत्या वाटेने जाईल हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. नेहमीच्या वापरातील प्रतिजैविक औषधे आरंभीच्या दिवसांत दिली तर ह्या रोगावर चांगली चालतात. म्हणजे सारा प्रश्न तीन-चार दिवसांचा आहे. ते दिवस "पाणी बाधले, उतरेल" ह्या वाक्यात निघून जातात.

पावसाळ्यातील प्रत्येक ताप ह्या जातीचा असतो असे नव्हे. हिवताप आणि डेंगी हेही ह्याच दिवसांत येतात. त्यांचा प्रसार डास करतात आणि त्यांचा मार्ग निराळा आहे. ताप कोणता हे रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते, शिक्षकांनी नव्हे. मूल आवणीला गेले होते, ही माहिती मात्र डॉक्टरांजवळ नसते. ती शिक्षकांजवळ असते.

हा रोग केवळ खेड्याचा आहे असेही समजू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. त्या पाण्यात गटारे, गोठे आणि उंदरांची बिळे सारी एक झाली होती. पुढल्या काही आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रोगी एकदम वाढले. एका दिवसाच्या पावसाने सबंध शहराचेच भातखाचर केले होते.

असे दिवस पूर्वीपेक्षा वारंवार येऊ लागले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापला आहे, त्यावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात आणि ते एकदम ओततात. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले ह्यावरून मोजतात. २०१६ आणि २०१९ ह्या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या आरंभी तो मारुती पाण्यात गेला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. ते पाणी ब्रह्मगिरीच्या व त्याच्या आसपासच्या डोंगरांच्या अंगावरूनच उतरलेले असते. सलग झड आणि एका रात्रीत कोसळणारा पाऊस यांत फरक आहे. झडीची उंदरालाही सवय असते आणि शेतकऱ्यालाही. एका रात्रीच्या पावसाने बिळे अकस्मात बुडतात, गोठे धुऊन निघतात, आणि पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली तर ते गढूळ पाणी खाचरात व खड्ड्यांत साचून राहते. आवणी लांबते आणि माणसे त्याच पाण्यात अधिक दिवस उभी राहतात.

प्राणी, हवामान आणि माणूस यांचे हे त्रिकूट महाराष्ट्रास नवे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात, जेथे धान्याच्या वखारी होत्या तेथे, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जावे, हे लोक अनुभवाने शिकले. उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात हे पोल-लुई सिमोन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. परंतु "उंदीर पडले, आता निघा" हे ज्ञान त्याआधीच माळावर पोहोचले होते. मुंबईत ही साथ थंडीच्या दिवसांत चढत असे आणि उन्हाळा कडक झाला की उतरत असे. कारण कोरड्या उष्णतेत पिसवा फार दिवस जगत नाहीत. हाही हवामानाचाच हिशेब. ह्याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिक्षकाच्या कामाची हद्द वर्गाच्या भिंतीशी संपते की नाही, ह्यावर संमेलनांतून वाद होतात. ते ऐकताना ही तारीख आठवावी.

प्लेग इतिहासात जमा झाला असे वाटत असतानाच १९९४ साली तो बीड जिल्ह्यातील मामला गावी पुन्हा दिसला, आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा गवगवा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या व सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असे त्या वेळी अनेक तज्ज्ञांनी मांडले. भूकंप म्हणजे हवामान नव्हे हे खरे. पण उंदराला खाद्य आणि आसरा एकदम मिळाला की काय होते, हे त्यावरून कळते. हेच काम पाऊसही करतो. १९९३ सालीच अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील रुक्ष मुलखात धडधाकट तरुण माणसे अचानक श्वास कोंडून दगावू लागली. शोध घेता ते हंटा नावाच्या विषाणूचे काम निघाले आणि तो विषाणू तेथील रानउंदरांत होता. त्यापूर्वी त्या मुलखात नेहमीपेक्षा पुष्कळ पाऊसपाणी झाले होते, त्यामुळे रानात दाणागोटा भरपूर पिकला, उंदीर अनेक पटींनी वाढले व घरांत शिरले. तेथील नावाहो जमातीच्या वृद्धांनी पाऊस, फळांचा बहर, उंदीर आणि आजार ह्यांचा संबंध आपल्या परंपरेतून आधीच जाणलेला होता.

आतापर्यंत पावसाचेच बोलणे झाले. त्यामुळे पाऊस सरला की धोका सरला, असा समज होण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्याच दक्षिण भागात याच्या उलट उदाहरण सापडते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडांमार्फत पसरतो. पावसाळा उलटून जंगल कोरडे पडू लागले की त्या गोचिडांची अर्धवट वाढलेली, तिळाएवढी पिले पालापाचोळ्यात जागी होतात, आणि त्याच दिवसांत माणसे लाकूडफाट्यासाठी व काजूच्या बागेसाठी रानात जातात. म्हणून हा ताप साधारण डिसेंबर ते मे ह्या कोरड्या महिन्यांत येतो. अनेक वर्षे तो कर्नाटकाच्या त्या भागापुरता मर्यादित होता. पुढे तो घाटाच्या रांगेने इतरत्र आढळू लागला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. कोकणात त्यास माकडताप म्हणतात. हा रोग त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात आला आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. परंतु रानात एकाएकी माकडे मरून पडलेली दिसली, तर ती नुसती हळहळण्याची गोष्ट नसून आरोग्य केंद्रास आणि वनखात्यास त्याच दिवशी कळविण्याची गोष्ट आहे. आणि ती सर्वांत आधी दिसते गुरे चारणाऱ्या मुलांना. मेलेल्या प्राण्यास हात लावू नये, काठीनेही ढोसू नये, हे त्यांस शाळेतच सांगावयास हवे.

ह्या तालुक्याच्या वाट्याला एक विपरीत गोष्ट आलेली आहे. जेथे पावसाळ्यात आभाळ फाटते, तेथेच चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात. डोंगरउतारावरचे पाणी थांबत नाही. उन्हाळा जितका कडक, तितके झरे थोडे. आणि झरे थोडे झाले की गुरे, कुत्री, माकडे, रानडुकरे व माणसे यांस एकाच झिऱ्यावर यावे लागते. पावसाळ्यात पाण्याच्या वैपुल्याने जी जवळीक होते, तीच उन्हाळ्यात त्याच्या टंचाईने होते. अशा झिऱ्याचे पाणी उकळून प्यावे हे सांगणे सोपे आहे. ज्या घरी सरपणही डोक्यावरून आणावे लागते, तेथे ते सांगताना वक्त्याला थोडा संकोच वाटला पाहिजे. निदान शाळेत पिण्यासाठी येणारे पाणी निर्जंतुक केलेले असावे, माणसांच्या झिऱ्याभोवती दगडांची कड असावी व गुरांचे पाणी खाली वेगळे काढावे, इतके तरी गावास पटवून देता येते.

शाळेने काय करावे ह्याविषयी परिपत्रके पुष्कळ निघतात. स्वच्छतेवर निबंध लिहून घेतले जातात, फेऱ्या काढल्या जातात. निबंध वाचून उंदीर पळाल्याचे अद्याप कोणी पाहिलेले नाही. मुलांनी आवणीस जाऊच नये असा उपदेश करणेही व्यर्थ आहे; भात हेच त्या घरचे वर्षाचे अन्न आहे. गमबूट घाला असे शहरातला माणूस सांगतो, पण खाचरातील चिखल गमबूट धरून ठेवतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. उपयोगाच्या गोष्टी याहून लहान आहेत. ज्याच्या पायास जखम आहे त्याने ती भरेपर्यंत पाण्यात उतरू नये. उतरणे भागच असेल तर जखम नीट बांधावी. शेतातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. खाचरातल्या पाण्याने तोंड धुऊ नये. पावसाळा सुरू होताच वर्गात मुलांचे पाय पाहण्याचा परिपाठ ठेवला, तर चिखल्या आवणीपूर्वीच ध्यानात येतात आणि त्यांवर आरोग्य उपकेंद्रातून औषध मिळते. मुलांची नखे पाहण्याची चाल जुनी आहे. पायांकडे मात्र कोणी पाहत नाही.

शाळेच्या इमारतीचाही विचार करावयास हवा. पोषण आहाराचा तांदूळ जेथे ठेवला जातो ती खोली म्हणजे उंदरांच्या दृष्टीने गावातील सर्वांत सुरक्षित कणगी होय. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. झाकणाची पिंपे मिळाल्यास उत्तम. उष्टे अन्न व्हरांड्यात पडू देऊ नये. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलण्याचे काम मुलांकडे कधीही देऊ नये.

आणि हजेरीपट. त्यातील गैरहजेरीच्या खुणेस 'आवणी' आणि 'ताप' असा भेद नसतो. तो भेद शिक्षकांनी आपल्या वहीत करावा. कोणते मूल कोणत्या तारखेपासून खाचरात होते, ताप केव्हा भरला, मध्ये उतरून पुन्हा आला काय, एकाच पाड्यातील किती मुलांस एका आठवड्यात आला, एवढी चार वाक्ये पुरेत. एका पाड्यावर दोन-तीन मुले तापाने पडली, तर आशा सेविकेस किंवा आरोग्यसेवकास त्याच दिवशी ती वही दाखवावी. ताप उतरला म्हणून शाळेत आलेल्या मुलास "बरा झालास ना?" एवढेच विचारून बाकावर बसवू नये. पोटऱ्या दुखतात काय, लघवी नीट होते काय, हे विचारावे व त्याचे डोळे पाहावेत. डोळे लाल किंवा पिवळे दिसले, तर वर्ग सहकाऱ्यावर सोपवून त्याच्या वडिलांस बोलावणे धाडावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. चिठ्ठीत 'भाताच्या खाचरात काम केले आहे' हे शब्द अवश्य लिहावेत. डॉक्टरांस ह्या पाच शब्दांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा लांबलचक अर्जाचा होत नाही.

पावसाळा संपत आला, हस्ताचा पाऊस पडून गेला, की गवत कंबरेएवढे होते. बायका-मुले गवत कापण्यास आणि नागली-वरईच्या राखणीस जातात. ह्या दिवसांत स्क्रब टायफस नावाचा आणखी एक ताप येऊ शकतो; २०१८ मध्ये विदर्भात त्याचे पुष्कळ रोगी आढळले होते. उंदीर-घुशींच्या अंगावर वाढणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या एका किड्याची पिले गवताच्या पात्यावरून अंगावर चढतात व काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी चावतात. तेथे पुष्कळदा विडीने चटका दिल्यासारखी काळी खपली धरते. वेळेवर औषध मिळाले तर हाही ताप लवकर हटतो. खपली बहुधा दुखत नाही व खाजत नाही, म्हणून मूल ती कोणास दाखवीत नाही. आणि झाकलेल्या जागी असल्याने आईच्याही दृष्टीस पडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तापाने पडलेल्या मुलाच्या घरी शिक्षक गेले, तर त्यांनी आईस मुलाची काख आणि कंबर एकदा उजेडात पाहावयास सांगावे.